बघण्याची मजुरी

अंगणात उभ्या असलेल्या गाडीखाली सकाळी काळ्या तेलाचा डाग दिसला की लहान व्यापाऱ्याचा दिवस बिघडतो. मोठ्या शेठची गाडी सर्व्हिस सेंटरला जाते आणि बिल मुनीम भरतो. आपल्या गोंदिया जिल्ह्यात मात्र आमगाव, देवरी, तिरोडा, गोरेगावच्या बाजाराला कापडाचे गठ्ठे, चपला, भांडी नाहीतर मनिहारी माल घेऊन जाणारी गाडी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताची ओम्नी असते. तीच गोदाम, तीच दुकान आणि लग्नसराईत घरच्या बायामुलांना न्यायलाही तीच. १९८४ साली निघालेली ही गाडी कंपनीने २०१९ मध्ये बंद केली, पण रस्त्यावरून ती अजून गेलेली नाही. ती दोन दिवस गॅरेजात उभी राहिली म्हणजे दोन बाजार बुडाले. म्हणून इंजिनाचे ऑइल गळणे आणि त्याचे पॅकिंग घरी बदलता येणे या विषयावर व्यापाराच्या पानावर लिहिले तर ते अस्थानी होणार नाही.

या पानाचे निम्मे वाचक गाडी बाळगणारे आहेत आणि निम्मे गाडी दुरुस्त करणारे, याची मला जाणीव आहे. पहिल्यांना जे सांगेन ते दुसऱ्यांना टोचण्याचा संभव आहे. तरीही शेवटपर्यंत वाचावे ही विनंती, कारण मिस्त्री बंधूंच्या फायद्याचीच एक गोष्ट यात आहे.

आधी माझी स्वतःची हकीकत. तीन वर्षांपूर्वी माझ्या ओम्नीखाली डाग पडू लागला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात बरोबर त्या जागेवरून थेंब पडत होता. एका गॅरेजात दाखवली. मिस्त्रीने वाकून एक नजर टाकली आणि सांगितले की मागचे ऑइल सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही टाकून घ्या. आकडा हजारांत होता आणि गाडी तीन दिवस ठेवावी लागणार होती. हंगाम तोंडावर होता, म्हणून मी आठवडाभराची मुदत मागितली. त्या आठवड्यात एका म्हाताऱ्या उस्तादाची गाठ पडली. त्यांचे आयुष्य भाताच्या गिरण्यांची इंजिने उघडण्यात गेले होते. त्यांनी खाली वाकून पाहिलेच नाही. पुढची सीट उचलायला लावली, कारण ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यावर बोट फिरवले आणि ते काळे झालेले बोट माझ्यासमोर धरले. तेल वरून खाली येते, खालून वर जात नाही, एवढेच ते बोलले.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग वाळून लाकडासारखे झाले होते. तिथून झिरपणारे ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत खाली येत होते आणि सगळ्यात खालच्या टोकावरून थेंब होऊन पडत होते. थेंब जिथे पडतो तिथेच गळती आहे असे आपण समजतो, आणि याच समजुतीवर आपला खिसा रिकामा होतो. ते पॅकिंग काही शे रुपयांत मिळाले. जुम्म्याच्या दिवशी दुकान बंद असते, त्या दुपारी मी ते अंगणात बसून बदलले. क्लच प्लेट आजही तीच आहे.

पहिल्या मिस्त्रीला मी लबाड म्हणत नाही. तो लबाड असेल किंवा नसेल. मला त्याची अडचण वेगळीच दिसते आणि तिच्याकडे मी पुढे येतो.

पॅकिंग म्हणजे दोन लोखंडी भागांच्या मधली गादी. धातू कितीही घासला तरी दोन तोंडे केसाच्या फटीइतकीही उघडी न राहता जुळत नाहीत, म्हणून मध्ये काहीतरी दबणारे लागते. जुन्या गाड्यांत ते कॉर्कचे असे. कॉर्क ही एका जातीच्या ओक झाडाची साल असून ती प्रामुख्याने पोर्तुगाल आणि स्पेनमधून येते. नंतर रबर आले. कॉर्क वाळतो आणि तडकतो, रबर उष्णतेने कडक होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो हे खरे, पण रबराला मारते ती इंजिनाची उष्णता. वर्षानुवर्षे तापणे आणि थंड होणे, त्यावर वेळेवर न बदललेले जळके ऑइल. त्यात आणखी एक आपल्याकडची खोड आहे. टॅपेट सेटिंगसाठी कव्हर उघडले जाते आणि जुनेच दबलेले पॅकिंग वर थोडे सिलिकॉन चोपडून परत बसवले जाते. सहा महिन्यांनी ते गळते आणि दोष गाडीच्या वयाला दिला जातो.

घरी पॅकिंग बदलणे ही काही परदेशी हौस नाही. विजेच्या आधी आणि विजेच्या खोळंब्यातही आपल्या भागातल्या विहिरी आणि लहान गिरण्या ऑइल इंजिनवर चालत. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे यंत्र खेड्यापाड्यांत पोहोचले होते, आणि त्याचे पॅकिंग फाटले तर कोणी नागपूरला जात नसे. पॅकिंगचा जाड कागद झाकणाच्या तोंडावर ठेवायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हळू ठोकत जायचे. धातूच्या धारेवर कागद आपोआप कापला जातो, बोल्टची भोकेही तशीच पडतात. शेतकऱ्याची पोरे हे काम करीत. (त्या काळच्या पुष्कळ पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. जुन्या यंत्राचे तसे पॅकिंग हाती आले तर ते कोरडे खरवडू नका. त्याची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. ओले करून काढा आणि बारीक धूळ अडवणारा योग्य मास्क लावा.)

आता मुख्य काम, म्हणजे गळती शोधणे. घरच्या दुरुस्तीत नव्वद टक्के अक्कल इथे लागते आणि दहा टक्के पान्याला. इंजिन थंड असताना ब्रश आणि रॉकेल किंवा डिझेल घेऊन बाहेरून स्वच्छ धुवा. जवळ विडी-काडी नको आणि धुतल्यावर ते पूर्ण वाळू द्या. डिस्ट्रिब्युटर आणि तारांवर काहीही उडू देऊ नका. मग अंगाला लावायची साधी पावडर संशयाच्या जागांवर भुरभुरा, गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि बॅटरी लावून पाहा. जिथे पावडर सगळ्यात वर ओली झाली तिथे गळती आहे. त्याखालच्या सगळ्या ओल्या जागा निर्दोष आहेत. कधी ऑइल फिल्टर नीट बसलेला नसतो, कधी ऑइल प्रेशरच्या स्विचमधून पाझरते, कधी डिस्ट्रिब्युटरची रबरी रिंग गेलेली असते, कधी चेंबरच्या नटाखालचे वॉशर प्रत्येक वेळी तेच वापरून चपटे झालेले असते. यांपैकी कशासाठीही गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

पॅकिंग आणायला जाण्याआधी एक गोष्ट जरूर पाहा, कारण ती न पाहिल्यामुळे एकाच गाडीचे पॅकिंग तीन-तीनदा बदललेले मी पाहिले आहे. इंजिनाला श्वास लागतो. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. पूर्वीच्या गाड्यांत तो एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडला जाई. कॅलिफोर्नियात साठच्या दशकाच्या सुरुवातीला नव्या गाड्यांना तो परत इंजिनात ओढून जाळण्याची सोय सक्तीची झाली, आणि पुढे ती जगभर पसरली. ही सोय म्हणजे ब्रीदरची नळी आणि तिचा छोटा व्हॉल्व्ह. ऑइल वेळेवर बदलले नाही की त्यात काळा चिकट गाळ साचतो. श्वास कोंडला की आतला दाब वाढतो, आणि दाबाला वाट हवीच असते. तो सगळ्यात कमजोर पॅकिंग शोधून तेथून ऑइल बाहेर ढकलतो. तुम्ही नवे पॅकिंग घातले की तो शेजारचे शोधतो. तोंड बांधलेल्या डेचकीतून वाफ कडेने निघते तसाच हा प्रकार आहे.

तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करून मंद चालू ठेवा, ऑइल टाकायचे झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी पसरा. चेहरा लांब ठेवा, काही इंजिनांत ऑइलचे शिंतोडे उडतात. पिशवी हलकेच आत ओढली गेली किंवा जागेवर फडफडत राहिली तर ठीक. फुग्यासारखी वर उठत असेल तर आधी ब्रीदर साफ करा. नळी काढून धुवा, आतून चिकटलेली किंवा चिरलेली असेल तर बदला. ब्रीदर स्वच्छ असूनही पिशवी फुगत असेल, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल आणि ऑइलची पातळी उतरत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि जगातले कोणतेही पॅकिंग ते दुखणे बरे करणार नाही. जुनी गाडी विकत घेताना हीच पिशवी खिशात ठेवा. विकणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

आता टॅपेट कव्हर. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, शक्यतो रात्रभर उभी असलेली गाडी. बॅटरीची ऋण तार काढा. गॅसचे किट असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. स्पार्क प्लगच्या तारा काढण्यापूर्वी त्यांच्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून एक, दोन, तीन लिहा. बोल्ट सुटले आणि कव्हर हलत नाही म्हणून फटीत पेचकस घालू नका. ॲल्युमिनियमच्या तोंडावर एकदा खाच पडली की ती नव्या पॅकिंगलाही भरून काढता येत नाही. लाकडाच्या ठोकळ्याने कडेने हळू ठोका, सुटते. उघड्या इंजिनावर लगेच स्वच्छ, धागे न सुटणारे कापड झाका. आत पडलेले एक वॉशर तुम्हाला खरोखर हजारांत घालील.

दोन्ही तोंडे प्लास्टिकच्या पट्टीने किंवा नखाने साफ करा, पॉलिश पेपर वापरू नका. त्याची वाळू आत गेली तर ती ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचते. नवे पॅकिंग जुन्याशेजारी ठेवून भोके आणि कोपरे जुळवून पाहा. नकली मालात रबर जाड-बारीक असते आणि कोपरा खाचेत बसत नाही. पन्नास रुपये वाचवायला तो घेऊ नका. सिलिकॉनबद्दल आपल्याकडे फार मोठा गैरसमज आहे. जितके जास्त तितके पक्के असे लोक समजतात. रबराच्या पॅकिंगला ते बहुतेक ठिकाणी लागतच नाही. कोपऱ्यावर किंवा दोन भागांच्या सांध्यावर गाडीच्या पुस्तकात सांगितले असेल तर तिथे मुगाच्या दाण्याएवढे पुरते. जास्तीचे सिलिकॉन दाबले जाऊन निम्मे बाहेर येते आणि निम्मे आत. आतले सुटून चेंबरमध्ये पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीला जाऊन चिकटते. पंपाला ऑइल मिळेनासे झाले की इंजिन बसते. गळतीने वर्षभरात जे नुकसान झाले नसते ते एका नळीभर सिलिकॉनने होते.

बोल्ट सगळे आधी हाताने लावा. मग मधून बाहेर, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत घट्ट करा. इथे आपल्या लोकांचा हात चुकतो, कारण आपल्याला वाटते की गळते आहे तर जोरात आवळा. लहान पेट्रोल गाड्यांत या बोल्टला साधारण एक किलोग्रॅम-मीटर जोर पुरतो, काहींत त्याहूनही कमी. वीतभर पान्याच्या टोकाला पाच किलोचे माप टांगल्यावर जेवढा जोर येईल तेवढाच. जास्त आवळले की कव्हर वाकते, पॅकिंग पिळून बाहेर येते आणि ॲल्युमिनियममधले आटे सुटतात. पाना टोकाला धरू नका, मधोमध धरा, म्हणजे मोह होणार नाही. सगळे जोडल्यावर इंजिन दहा मिनिटे चालवा आणि कडेने बोट फिरवा. कव्हरबाहेर सांडलेले जुने ऑइल पुसायला विसरू नका. एक्झॉस्टवर राहिलेले ऑइल धूर करते, जास्त असेल तर पेटतेही. ओम्नीत तर तो धूर सीटखालून थेट डब्यात येतो.

खालच्या चेंबरचे पॅकिंग मात्र घरी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. काम अवघड आहे म्हणून नव्हे. त्यासाठी गाडीखाली झोपावे लागते. आपले अंगण म्हणजे शेणामातीची नाहीतर मुरमाची जमीन, पावसाळ्यात आतून पोकळ झालेली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. जॅक घसरायला सूचना देत नाही. पक्की फरशी, दोन लोखंडी घोड्या आणि मागच्या चाकांना ओंडके असतील तरच खाली जावे, आणि ते सगळे गॅरेजात असते. क्रँकच्या सीलबद्दल तर बोलायलाच नको. ते उस्तादाचे काम आहे आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

काढलेल्या ऑइलचे काय करता? ओम्नीच्या इंजिनातून साधारण तीन लिटर निघते. खेड्यात ते बैलबंडीच्या आसाला, कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी, सेंटरिंगच्या फळ्यांना लावतात. उरलेले नालीत जाते. आपला जिल्हा तलावांचा आहे. नालीचे पाणी पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या मामा तलावात उतरते, आणि तिथेच मासे, शिंगाडे आणि धानाचे पाणी असते. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करून घेण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकण्यात आली आहे. ती सोय आपल्या गल्लीपर्यंत यायची तेव्हा येईल. तोवर ते झाकणबंद कॅनमध्ये साठवा आणि ज्या गॅरेजचा माल परवानाधारक उचलतो तिथे नेऊन द्या.

आता मिस्त्री बंधूंकडे वळतो. गिऱ्हाईक घरीच पॅकिंग बदलू लागला तर आम्ही खायचे काय, असा प्रश्न मला याआधीच विचारला गेला आहे. माझे उलट म्हणणे आहे. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगवर गॅरेज चालत नाही. गॅरेज चालते ते गिऱ्हाइकाला न दिसणारी गळती उस्तादाला दिसते म्हणून. आणि नेमकी हीच गोष्ट आपल्या बाजारात फुकट दिली जाते. डॉक्टर नाडी पाहण्याचे पैसे घेतो, वकील कागद वाचण्याचे घेतो. मिस्त्री अर्धा तास वाकून, धुऊन, पुसून, कान लावून गळती शोधतो आणि गिऱ्हाईक त्याला चहा पाजून निघून जातो. उद्या ते काम दुसऱ्याकडे स्वस्तात करून घेतो. म्हणून मिस्त्रीने बघणेच सोडले. तो उघडण्याचे पैसे घेतो. ज्याला फक्त उघडण्याचेच पैसे मिळतात त्याला लहान दुखण्यात मोठे काम दिसू लागते, यात नवल काय? माझ्या ओम्नीकडे एक नजर टाकणाऱ्या त्या पहिल्या मिस्त्रीची अडचण मला हीच दिसते. चार गाड्या रांगेत असताना त्याने माझ्यासाठी फुकट अर्धा तास का घालवावा?

यात मोठा दोष आम्हा व्यापाऱ्यांचा आहे. आम्ही तराजूत पडेल तेवढ्याचेच पैसे देतो. जुने पॅकिंग हातात मिळाले की समाधान, पण ते पॅकिंग बदलायची गरज नव्हती हे सांगणाऱ्याला एक पैसा नाही. माझे म्हणणे असे की प्रत्येक गॅरेजने तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि पाटीवर लिहावी. काम तिथेच केले तर ती बिलात वळती करावी, नाही केले तर ती मिस्त्रीची. गिऱ्हाइकाने ती हसत द्यावी आणि गळती कुठे आहे ते बोट लावून दाखवायला सांगावे. ज्याच्या अंगणात पक्की फरशी आणि हाताला सवय आहे त्याने वरचे पॅकिंग घरी बदलावे, नसेल त्याने गॅरेजात. शागिर्दांनाही उद्या नुसते पाने उचलून देण्याऐवजी पाहायला शिकवले जाईल, कारण पाहण्याला किंमत आलेली असेल. काही जण म्हणतील की गोंदियात हे चालणार नाही, गिऱ्हाईक शेजारच्या फुकट गॅरेजात जाईल. काही जातील. त्यांच्यातले काही क्लच प्लेट टाकून परत येतील.

माझी गाडी पुसून झाल्यावर मी त्या म्हाताऱ्या उस्तादांना बघण्याचे शंभर रुपये द्यायला गेलो. त्यांनी हात मागे घेतला. बोट लावण्याचे कसले पैसे, म्हणाले. मी नोट त्यांच्या पान्याच्या डब्यात ठेवली. पुढच्या खेपेला शेजाऱ्याची गाडी घेऊन गेलो, तेव्हा ती उघडण्याआधी त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, हसले, आणि नातवाला म्हणाले, शेठला विचार, बघायचे किती देणार.